यशोदाबाईची मूठ

“आमना घरमा कोणलेच काही नही. ‘नही’ लिखी टाक,” पुरण वाटता वाटता ज्योतीवहिनी म्हणाली. तिच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, अंगणात मांड्यांची चूल पेटली होती, आणि गावची आशा सेविका सुलक्षणा नेमकी आजच सांधेदुखीचे फॉर्म घेऊन टपकली होती.

दोंडाईच्याजवळच्या या गावात तिने दोन दिवसांत बावन्न मोठ्या माणसांना विचारलं होतं. सांधे दुखतात का, सुजतात का? बावन्न वेळा ‘नाही’. गाव इतकं ठणठणीत की तिलाच संशय यायला लागला. प्रशिक्षणात डॉक्टर म्हणाले होते, पाचसहा जणांमागे एक तरी निघतोच, आणि सूज वेळेत पकडली नाही तर बोटं वाकडीच राहतात. सोमवारच्या तपासणीला यादीतल्यांनाच बोलावणार होते, आणि यादी आज द्यायची होती.

तिने फॉर्म मिटले आणि चुलीभोवतीच्या बायकांत बसकण मारली. “बरं, हाई सांगा. सकायले उठावर मूठ वळाले कितला येळ लागस?”

“च्या व्हयेपावत,” ज्योतीवहिनी पटकन म्हणाली.

“मन्हा बोटे तं म्हैसना आचळले लागनात का मंग सुटतस,” शेजारीण म्हणाली. आणखी दोघींनी माना हलवल्या.

“मंग ‘नही’ कसं काय सांगनात?”

“हाई काय बिमारी शे? बठ्ठासलेच व्हस.”

सुलक्षणा थक्क झाली. अकरा बायकांत चौघी, आणि प्रत्येकीला वाटत होतं की सगळं जग असंच उठतं. याच हातांनी त्या कापूस वेचत होत्या, पोरं न्हाऊ घालत होत्या. तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

यशोदाबाई तेवढी खाली मान घालून मांडा झुलवत होती. पंचक्रोशीत तिच्याशिवाय लग्नाचे मांडे होत नसत. मुठी मिटून, नुसत्या मनगटांवर अन् कोपरापर्यंतच्या हातांवर ती मांडा झुलवत मोठा करायची आणि उलट्या खापरावर अलगद टाकायची. नव्या सुना हौसेने तशीच मूठ मिटून शिकत.

“यशोदाअक्का, तुम्हले?”

“मन्हं नाव नको लिखू,” ती हळूच म्हणाली. “मंग मले मांडासले कोणी बलावाव नही.”

“बोटे उघाडा बरं.”

दोन उघडली, तीही अर्धवट. बाकीची सुजून गाठाळली होती. सहा वर्षांपासून. बोटं उघडत नव्हती म्हणून ती मनगटांवर मांडा पेलायला शिकली होती, आणि अख्खं गाव ती कला म्हणून गिरवत होतं. चुलीपाशी मांडे शिकायला बसलेल्या नव्या सुनेने, मोनालीने, स्वतःच्या मिटलेल्या मुठींकडे पाहिलं. ज्योतीवहिनीचा वरवंटा थांबला.

“दवा सुरू व्हयनी तं ह्या दोन बोटे तरी वाचतीन, अक्का,” सुलक्षणा म्हणाली.

यशोदाबाईने पदराला हात पुसले. मग पाटावरून उठली आणि म्हणाली, “लिख.”

तिने मोनालीला आपल्या पाटावर बसवलं. “मूठ उघाड, माय. तुन्हा बोटे बरा शेतस.”

मोनालीने भीत भीत दहाही बोटं पसरली. मांडा वाढत गेला, यशोदाबाईने सहा वर्षांत केला नव्हता एवढा मोठा झाला. ती डोळे भरून बघत होती.

“टाक आते,” ती म्हणाली, “खापर तपनं.”