पाठ झालेले पान

मित्रांनो, मी एक जुने गोष्टींचे पुस्तक आहे. माझी पाठ उसवली आहे, एक कोपरा दुमडून दुमडून गळून गेला आहे आणि अंगाला ओलसर कपाटाचा वास येतो. मला आता कुणी उघडत नाही. त्याचे कारण सांगते. गोष्ट माझी आहे खरी, पण माझ्यापेक्षा ती एका मुलीची जास्त आहे.

माझा जन्म छापखान्यातला. मोठाल्या कागदांच्या घड्या घालून, दोऱ्याने शिवून, खळ लावून मला दाबाखाली ठेवले होते. बांधणी करणाऱ्या बाईंनी मला उघडमीट करून पाहिले आणि म्हणाल्या, "पोरांच्या हातात टिकेल हे." माझ्यात सगळ्या समुद्राच्या गोष्टी होत्या. दीपस्तंभ सांभाळणारी म्हातारी, वाट चुकलेली नाव, मीठ चोरणारा तांडेल, म्हणजे नावेवरचा मुख्य खलाशी. एका शाळेच्या वाचनालयात मी राहिले आणि तिथे माझे फार कौतुक झाले. मला घरी न्यायला मुले भांडत. पुढे गुळगुळीत कागदाची नवी पुस्तके आली. मी खालच्या फळीवर गेले, मला कसर लागली आणि शेवटी जुनी पुस्तके विकणाऱ्याच्या दुकानात ढिगाखाली जाऊन पडले.

तिथे एके दिवशी एक आई आली. "मुलीला वाचायला त्रास होतो," ती दुकानदाराला म्हणाली. "पण बाळबोध काही नको. तिची समज मोठी आहे. गोष्ट भरभक्कम हवी."

दुकानदाराने ढीग उपसला आणि मला तिच्या हातात दिले.

मुलीला घरात टिटवी म्हणत. आजोबांनीच ते नाव ठेवले होते, कारण तिचे तोंड म्हणून बंद नसे. "टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात, आमच्या टिटवीला कमी समजू नका," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण शाळेत तिला उभे करून धडा वाचायला लावला की अक्षरे जागा बदलत, ती अडखळे आणि वर्ग खिदळे. मग ती शाळेत जायलाच तयार होईना. शेवटी आईने तिला शाळेतून काढले आणि घरीच शिकवायचे ठरवले.

काय शिकवायचे, हे ज्या संध्याकाळी ठरले तेव्हा मी टेबलावरच होते. माझ्याभोवती निरनिराळ्या अभ्यासक्रमांची माहितीपत्रके पसरली होती. काहींत नुसते गिरवणे आणि घोकणे होते. एकात गोष्टींच्या पुस्तकांमधूनच इतिहास, भूगोल, भाषा सगळे शिकवायचे होते. आईने त्याच्यावर बोट ठेवले.

"हाच घे," मावशी म्हणाली. ती आईची धाकटी बहीण. वाचता न येणाऱ्या मुलांना शिकवणे हेच तिचे काम. "रोज मोठ्याने वाचून दाखव. तिच्या डोक्याला खुराक मिळू दे. पण ताई, ही पेटीही घे. अक्षर आणि त्याचा आवाज, रोज थोडंथोडं. यात खाडा नको. ऐकणं हे एक काम आहे आणि वाचणं हे दुसरं. एकानं दुसरं आपोआप येत नाही."

पेटीत अक्षरांचे पत्ते होते.

"ते पत्ते पाहिले तरी रडते गं ती," आई म्हणाली.

"रडू दे थोडं. आत्ता नाही रडली तर पुढे जड जाईल."

बाबा पाणी पीत उभे होते. "तुम्ही दोघी ठरवा. फक्त ती पुन्हा हसायला लागली पाहिजे," ते म्हणाले.

पेटी दोनचार दिवस उघडली गेली. टिटवी पत्त्यांकडे पाही आणि तिचे ओठ पांढरे पडत. मग आई म्हणाली, "आजचा दिवस राहू दे." दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे पेटी कपाटावर गेली आणि तिच्यावर धूळ बसली. राहिले मी.

आई मला रोज वाचून दाखवू लागली. टिटवी तिच्या कुशीत शिरून ऐके, आणि असे ऐकणारे मूल मी वाचनालयातही पाहिले नव्हते. वारा कुठून सुटला की नाव कुठे जाईल, हे ती आईच्या आधी सांगे. ती हसू लागली, घर हसू लागले. मित्रांनो, मीसुद्धा खूश होते. मग एका दुपारी तिने मला स्वतःच्या मांडीवर घेतले, ओळीवर बोट ठेवले आणि म्हातारीची गोष्ट घडाघडा म्हणून दाखवली. आई दारातच थबकली. तिने पदराने डोळे पुसले.

पण बोट ज्या ओळीवर होते, ती ओळ टिटवी म्हणत नव्हती. तिचे डोळे अक्षरांवर नव्हतेच. पानाच्या कडेला होडीचे चित्र आले की ती पान उलटायची, बस्स. एकदा माझी दोन पाने चिकटली. तिने ती एकदमच उलटली आणि जे पान मिटलेले होते, ते न चुकता म्हणत राहिली. घरात कुणाच्या लक्षात आले नाही. तिचा घामेजलेला तळवा माझ्या कागदावर दाबलेला होता आणि तो ओलावा फक्त मला कळत होता. मला अक्षरे आहेत, पण आवाज नाही.

कौतुक वाढत गेले. बाबा पाहुण्यांसमोर तिला वाचायला लावत. दुसरे पुस्तक दिले की ती म्हणे, "मला हेच आवडतं." मावशी एकदा आली, तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "छान. आता मधलंच एखादं वाक्य वाच बघू. हे."

टिटवीने आईकडे पाहिले.

"तू आता परीक्षा नको घेऊस तिची," आई फटकन बोलली. "पुरे झालं ते शाळेत."

मावशीने मला मिटून टिटवीच्या हातात दिले. जाताना मात्र तिची नजर कपाटावरच्या पेटीवर बराच वेळ खिळली होती.

त्याच सुमारास आजोबांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्यात थेंब घालायचे काम टिटवीने मागून घेतले. आजोबांच्या उशापाशी एक डबा असे. त्यात डोळ्याचे औषध होते आणि पायाच्या कुरूपावर लावायचे जहाल औषधही होते. दोन्ही बाटल्या बोटाएवढ्या. डोळ्याच्या बाटलीचे झाकण हिरवे, दुसरीचे पांढरे. आजोबा म्हणत, "वाचून घे हं बाळ," आणि ती म्हणे, "वाचलं." ती झाकण पाहत होती.

डोळ्याचे औषध संपले. बाबांनी नवी बाटली आणली. ती दुसऱ्या कंपनीची होती आणि तिचे झाकण पांढरे होते. कुरूपाचे औषधही नवे आले होते. त्याचे झाकण हिरवे होते.

त्या सकाळी आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी आजोबांच्या पलंगावर उघडे पडले होते, कारण टिटवी त्यांना माझ्यातली गोष्ट सांगत होती. आजोबांनी मान मागे टाकली. "टिटवे, थेंब घाल. नवी बाटली आहे, वाचून घे."

तिने डबा उघडला. दोन्ही बाटल्या हातात घेतल्या. या वेळी तिलाही काहीतरी खटकले असावे, कारण तिने झाकण उघडून वास घेतला आणि ती थांबली. एकदा दाराकडे पाहिले. 'मला येत नाही' एवढेच म्हणायचे होते.

"वाचलंस ना?"

"वाचलं," टिटवी म्हणाली.

पुढचे मी सांगणार नाही. आजोबा ओरडले तशी आई धावत खाली आली आणि त्यांचे डोके नळाखाली धरून पाणी मारत राहिली. बाबा आले, सगळे दवाखान्यात गेले. पलंगाखाली टिटवी गुडघ्यात डोके घालून बसली होती. शेजारची काकू तिला कितीदा हाका मारत होती, पण ती बोलली नाही.

त्या डोळ्याने आजोबांना आता उजेड आणि सावली एवढेच कळते.

घरी आल्यावर आजोबा सगळ्यांना एकच सांगत, "पोरीची चूक नाही. बाटली मीच काढून दिली." सगळ्यांनी ते खरे मानले. टिटवीवर कुणी रागावले नाही, आणि तेच तिला सोसवेना. ती जेवायची नाही, बोलायची तर मुळीच नाही. घरातली टिटवी गप्प झाली होती.

मग एके दिवशी ती मला घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिने मला बंदच आईच्या हातात दिले, स्वतःचे डोळे घट्ट मिटले आणि म्हातारीची गोष्ट पहिल्या शब्दापासून म्हणायला सुरुवात केली. आईला आधी काही कळेना. पान संपले, दुसरे सुरू झाले. माझ्या पुठ्ठ्यावरची आईची बोटे गार पडत गेली.

"आई, मला वाचता येत नाही," टिटवी म्हणाली. "मला हे फक्त पाठ आहे. बाटली आजोबांनी नाही, मीच काढली."

आई खाली बसली. तिने टिटवीला जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "तुला येत नाही, हे मला दिसत होतं गं. मीच बघत नव्हते."

मावशी दुसऱ्याच दिवशी आली. पेटी खाली उतरली. आता रोज अक्षरे आहेत, रडणे आहे आणि त्यानंतर गोष्टही आहे. गोष्ट दुसऱ्या पुस्तकातली. मावशीनेच मला वरच्या फळीवर ठेवले. "हे नको. याच्या आड ती पुन्हा लपेल," ती म्हणाली. मला वाईट वाटले, पण ती खरे तेच बोलली.

टिटवी हळूहळू वाचू लागली आहे. अडखळते, थांबते, पुन्हा मागे जाते. तिचे डोळे अक्षरांवर असतात, हे मला इथूनही दिसते.

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना जपा, आम्हाला वाऱ्याला ठेवा, ओल्या हातांनी धरू नका. पण त्याआधी एक करा. तुमच्या शेजारी बसलेला एखादा वाचताना अडखळला, तर हसू नका. आणि तुम्हाला स्वतःला येत नसेल, तर ज्यांच्यावर माया आहे त्यांना ते वेळेवर सांगा. टिटवीला आता बाटलीवरचे शब्द वाचता येतात. तरी आजोबांच्या चांगल्या, आता ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली, की ती उठते आणि खोलीबाहेर जाऊन उभी राहते. आजोबा तिला हाक मारतात. ती अजून एकदाही आत आलेली नाही.