दादोंगचा अबोला

दादोंग माझ्याशी कधीच बोलायची नाही. पाणी हवं असलं की ती अंगणातल्या कोंबडीला सांगायची, "कुणाला सवड असली तर म्हणावं, घसा कोरडा पडलाय." मी पाणी न्यायचे आणि कोंबडीलाच सांगायचे, "म्हणावं, उशाशी ठेवलंय."

दादोंग म्हणजे आमच्याकडे आजी; ही माझ्या आजोबांची थोरली बहीण. ते, मिद्रा आजोबा, मी जन्मायच्या आधीच गेले. मी तान्ही असताना घरच्यांनी, सगळेच विचारतात तसं, अंगात येणाऱ्या बाईला विचारलं, आमच्याकडे परत जन्माला कोण आलंय? तिच्या तोंडून उत्तर आलं, मिद्रा. झालं. मी डावखुरी, कारण मिद्रा. मला वांगं आवडत नाही, कारण मिद्रा. यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी अख्ख्या सिंगाराजा शहरात पहिली आले, तर आई म्हणाली, "तेही असेच. एकदा सुरू झाले की थांबायचं नाव नाही."

मग मी एकदा स्वयंपाकघरात जाहीरच केलं. "मी मीच आहे. कोमांग. दुसरं कुणी नाही."

आई खोबरं किसत होती. तिनं मानही वर केली नाही. "अगदी असंच म्हणायचे. पाय आपटून."



आजोबांशी अबोला धरला तो एका डुकरिणीवरून. दादोंगनं तिला पिल्लू असल्यापासून पेज पाजून वाढवलं होतं आणि आजोबांनी गालुंगानच्या सणाला न विचारता कापली. आमच्या गावात दोघांच्या अबोल्यात तिसरा पडत नाही, कार्यात त्यांची पानं तेवढी लांब लांब मांडतात. आजोबा अबोल्यातच गेले. पण मग मी जन्मले आणि भांडण पुन्हा चालू. ती डुकरीण मी पाहिलेलीसुद्धा नाही.

पावसाळा सरता सरता दादोंगनं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, पण पोटात काही गेलं तर उठतील. ती तोंड उघडेना. बाबांनी भरवलं, मान फिरवली. आईनं भरवलं, मान फिरवली. शेवटी दारातल्या कोंबडीला म्हणाली, "ज्यानं डुकरीण मारली त्यानं आधी बोलावं. तोवर घास नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"मी बोलले म्हणजे मी तेच, असं होईल," मी म्हणाले.

"होऊ दे की."

"मग मी कुठे जाऊ?"

आत दादोंगचा श्वास घरघरत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझं कशातच लक्ष नव्हतं. घरी आले, गणवेशही न बदलता मऊ भात कालवला आणि तिच्या अंथरुणाशी बसले. तिची मनगटं पार काटकुळी झाली होती. भाषणाला कधी घाबरले नाही, पण आता कालवलेला भात पुन्हा पुन्हा कालवत राहिले.

"म्बोक," मी म्हणाले. आमच्यात थोरल्या बहिणीला असं म्हणतात. मी तिला आजवर दादोंगच म्हणत आले, तेही कोंबडीशी बोलताना. "डुकरीण तुझी होती. विचारायला हवं होतं. चुकलं."

तिनं मान माझ्याकडे वळवली.

"दात पडले माझे वाट बघून," ती म्हणाली. आणि तोंड उघडलं.

थोडंच खाल्लं, पण खाल्लं. मग तिची नजर माझ्या वेणीवरून गणवेशावर आली, जणू मी आत्ताच दारातून आले होते.

"कोमांग," ती म्हणाली, "भातात मीठ नाही गं."

मी ताटली घेऊन बाहेर आले. भिंतीआड आई उभी होती, सगळं ऐकलेली. वाटलं, आता म्हणणार, बघ, सांगत नव्हते?

तिनं ताटली माझ्या हातातून घेतली.

"तुझे आजोबा आधी बोलले नसते," ती म्हणाली. "मरेपर्यंत नाही बोलले."

मी मीठ आणायला गेले.