नकार कोणी दिला?

कुलिबा क्रीकच्या इस्पितळात त्या दुपारी एकजुटीचं प्रशिक्षण होतं. म्हणजे रोज एकमेकांचं न ऐकणारी माणसं आज खुर्च्या गोल मांडून एकमेकांकडे बघून हसत होती. डॉक्टर, नर्स, औषधवाली, आणि स्वतः आदिवासी असून तेवीस वर्षं इथल्या आदिवासी वस्त्यांची आरोग्यसेविका असलेली व्हर्ना.

शहरातून आलेल्या ग्रेटेलबाईंनी नाटुकल्यातल्या भूमिका वाटल्या. डॉक्टरला डॉक्टर, नर्सला नर्स. व्हर्नाला रुग्ण.

"तू केलंस की अस्सल वाटेल गं."

"वाटणारच. रंग घरचाच आहे," व्हर्ना म्हणाली. गोऱ्यांपैकी दोघं हसले आणि हसावं की नाही ते न कळून हातातले कागद चाळू लागले.

ग्रेटेलबाईंनी प्रकरण वाचलं. ताजं, काल सकाळचंच, फक्त नाव बदललेलं. "वय अठ्ठावन्न. मूत्रपिंडं निकामी. दुभाषी देऊनही डायलिसिसबद्दल एक शब्द बोलला नाही. उपचार नाकारले."

व्हर्नानं लगेच ओळखलं. हा तर क्लॅरीमामा! काल ती वस्त्यांवर गेली होती, तेवढ्यात हे होऊन बसलं. गावात डायलिसिसच्या चारच खुर्च्या. त्यातली एक रिकामी झाली होती, आणि ती कुणाला द्यायची ते आज चार वाजता ठरणार होतं. कागदावर नकार राहिला तर मामाला घरी पाठवतील, आणि घरी तो महिनाभरही तगणार नाही.

"दुभाषी कोण होती?"

"हेझल," डॉक्टर अँगस म्हणाला. "काल तीच कामावर होती."

"हेझल नात्यानं त्याची सासू लागते, वयानं धाकटी असली तरी."

"मग?" अँगसनं विचारलं.

"आमच्यात जावई सासूपुढे तोंड उघडत नाही, तिच्याकडे बघतसुद्धा नाही. तिनं सांगितलं नाही तुम्हाला?"

अँगसचे कान लाल झाले. "दारातच म्हणाली होती, दुसरं कुणी बघा. मी म्हटलं, पाच मिनिटांचं तर काम आहे."

"फार मोलाचा मुद्दा!" ग्रेटेलबाई फळ्याकडे वळल्या. "चहानंतर संस्कृतीचाच तास आहे, तेव्हा घेऊ."

"चहा होईपर्यंत खुर्ची जाईल, बाई." व्हर्ना उठली. "डॉक्टर, कागद घ्या आणि चला."

उपचार का नाकारले, ते वॉर्डात तिनं मामाच्या भाषेत सरळ विचारलं. मामा भडकलाच.

"मी कशाला नाही म्हणू? त्या तिथे बसल्या होत्या, मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मर्यादा पाळली तर म्हणे नकार! बसव पोरी मला त्या खुर्चीवर. कधी जायचं?"

व्हर्नानं ते डॉक्टरला सांगितलं. अँगसनं 'नकार' खोडून वर लिहिलं, 'संवादात अडचण.'

"कुणाची?"

"म्हणजे... सगळ्यांचीच."

"मामाची नाही. हेझलची तर नाहीच. खोडा ते."

"व्हर्ना, हा सरकारी कागद आहे."

"मामाला घरी मरायला पाठवणाराही हाच कागद होता. तेव्हा बरा हात चालला!"

अँगसनं तेही खोडलं. मग त्यानं लिहिलं, 'दुभाषीने आधी सांगूनही मी ऐकलं नाही. रुग्णाला उपचार हवे आहेत.'

"खाली सही."

सही झाली. अँगसनं खुर्ची ठरवणाऱ्यांना फोन लावला. चार वाजायला सात मिनिटं होती. ग्रेटेलबाई धावतच दारात आल्या. "किती सुंदर! याला म्हणतात टीम!"

"टीम कालही होती," व्हर्ना वळूनही न बघता म्हणाली. "हेझल टीममध्येच होती. तिला गप्प बसवलंत."

पलीकडे कुणीतरी फोन उचलला. खुर्ची क्लॅरीच्या नावावर झाल्याचं व्हर्नानं स्वतःच्या कानांनी ऐकलं, तेव्हा कुठे अँगसच्या हातातला फोन तिनं त्याला खाली ठेवू दिला.