भाषणवाल्या वायरमनची चवड

मित्रांनो, मी एक जुनी चवड आहे. अकरा पुठ्ठ्यांची, रबरात बांधलेली. बल्बच्या खोक्यांतून कापलेली आहे म्हणून नाक मुरडू नका. माझ्यामुळे एका वायरमनचं नाव झालं, आणि ते सांगायला मी लाजत नाही.

मला कापलं त्याच्या बायकोने. एका शाळेने त्याला विजेपासून कसं जपावं यावर चार शब्द बोलायला बोलावलं होतं आणि त्याच्या घशाला आदल्या दिवशीच कोरड पडली होती. तो सांगत गेला, ती माझ्यावर लिहीत गेली. अक्षर ठसठशीत काढलं, कारण चष्मा विसरणं हा त्याचा जुना छंद. माझ्या सातव्या पुठ्ठ्यावर एक खरी गोष्ट होती. काही वर्षांपूर्वी एका घरी काम करताना त्याने मेन स्विच न बघताच मेहुण्याला सांगितलं होतं की बंद आहे, घाल हात. मेहुण्याचा उजवा हात भाजला, दोन बोटं कायमची आखडली. बायकोचा सख्खा भाऊ तो. पण लिहिताना तिने ना हुंदका दिला, ना टोमणा. शाळेत ती गोष्ट आली तेव्हा चुळबुळणारी पोरं पुढे सरकून ऐकू लागली.

मग मला उसंत मिळेना. पहिला पुठ्ठा तेवढा बदलायचा, शाळेत 'मुलांनो', सोसायटीत 'रहिवाशांनो', कारखान्यात 'बंधूंनो'. बाकी माल तोच. त्यातूनच पत्रक निघालं, वर्तमानपत्रात लेख आले, रेडिओवर दहा मिनिटं मिळाली. लोक म्हणत, एकच भाषण किती दिवस पुरवतो हा. म्हणोत. कढई रोज तीच असते म्हणून कोणी उपाशी झोपतं का? ज्याच्या घरात जुन्या वायरी, तो म्हणू लागला की त्या भाषणवाल्यांनाच बोलवा.

नाव झालं की माणसाला आरसा आवडू लागतो. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने त्याच्या कानाला लागून सांगितलं की स्वतःची चूक कशाला सांगता, उद्या काम कोण देईल. हे महाशय गुपचूप घरी आले आणि सातव्या पुठ्ठ्यावर कागदाची पट्टी डकवली. 'माझ्या मदतनिसाने न विचारता हात घातला.' मित्रांनो, मी पडले पुठ्ठ्याची. मला कुठे तोंड आहे? दोन वर्षं ते खोटं अंगावर घेऊन मी फिरले. टाळ्या तशाच पडायच्या. मला मात्र डिंकाखाली खाज सुटायची.

मग प्रशिक्षण केंद्राचं बोलावणं आलं. नव्या वायरमनांना दर बुधवारी शिकवायला माणूस हवा होता, आणि एक भाषण ऐकून ठरवणार होते. आयुष्य शिडीवर काढलेल्या माणसाला खुर्ची मिळायची होती. पण त्याच केंद्रात मेहुणा भांडार सांभाळत होता, कारण त्या हाताला पक्कड पेलत नव्हती. निघायच्या सकाळी बायको माझी धूळ पुसायला बसली आणि तिचं बोट पट्टीवर अडखळलं. तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

"हात माझ्या भावाचा भाजला, अन् शहाणे तुम्ही?"

तो म्हणाला, सातवा काढून टाकतो, दहावर भागेल. ती म्हणाली, मग दहाही नकोत, घरीच बसा. तेव्हा कुठे त्याने पट्टी ओढली. पट्टी निघाली माझं कातडं घेऊनच. खालची खरी अक्षरंही गेली.

सभागृहात सातवा पुठ्ठा हाती आला. वाचायला काहीच नव्हतं. शेजारच्या भांडाराच्या दारात मेहुणा उभा होता. वायरमनने मला टेबलावर ठेवलं.

"तो दारात उभा आहे ना, तो माझा मेहुणा. मेन बंद आहे असं त्याला मीच सांगितलं. बघितलं नव्हतं. आणि दोन वर्षं चूक त्याची म्हणून सांगत फिरलो."

केंद्राच्या प्रमुखबाई चष्म्यावरून बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं सगळं.

"दाजी," मेहुणा दारातून म्हणाला, "असलं काही बोलणार होतात तर आधी सांगायचं. शर्ट तरी बदलून आलो असतो."

सगळं सभागृह हसलं, आणि वायरमनने असा श्वास सोडला की माझे वरचे दोन पुठ्ठे उडाले. नंतर मेहुण्याने हळूच सांगितलं की मदतनिसावर चूक ढकललेला दाजींचा शेवटचा लेख त्याने वाचला होता, ते खरं कधी बोलतात याची वाटच बघत होता. प्रमुखबाईंनी बुधवार वायरमनलाच दिला. म्हणाल्या, कधीच न चुकलेले रोज अर्ज करतात.

आता दर बुधवारी मेहुणाही मागे येऊन बसतो, आणि दाजींनी एखादं वाक्य गाळलं की तिथूनच दुरुस्त करतो.

तेव्हा मित्रांनो, चांगलं बोललेलं वाया घालवू नका. त्याचा लेख करा, धडा करा, त्यावर नाव कमवा. आम्हाला कोरड्या जागी ठेवा, रबर फार आवळू नका, कडा दुमडतात. आणि आमच्यावर खोटं चिकटवू नका. ते ओढून काढायची वेळ येते तेव्हा सोलले आम्ही जातो. पण खरं सांगू? सोलून निघाले तेव्हापासून अंग इतकं हलकं झालंय, की तेवढं नवी कोरी असतानाही नव्हतं.