हात न लावायचा नेम

ऐका रं मित्रांनो, मधी कुणी बोलू नका, आधी सगळं ऐका!

मी एक व्हर्नियर हाय. लोखंडी पट्टी, दोन जबडं, आणि एक सरकता भाग. तुकडा जबड्यात धरायचा, आकडा सांगायचा, एवढंच माझं काम. तसा मी लई जुना न्हाय, अकरा वर्षांचा. पण ही अकराच्या अकरा वर्षं मी एकाच माणसाच्या हातात काढली. गोमटेश त्येचं नाव, निपाणीचा. रोज पहाटेच्या बसनं बेळगावला जायचा, पंपाचं पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात माप तपासायचा. मी त्येच्या शर्टाच्या खिशात, छातीला टेकून. संध्याकाळी तेलाचं बोट फिरवून पुसायचा मला, आणि म्हणायचा, "खोटं बोलत न्हाय बघ ह्यो." मी असा फुगायचो सांगू!

मग कारखान्यात कॅमेऱ्याचं मशीन आलं. त्ये बघूनच माप सांगतंय, हात लावायलाच नको. आठ तपासनीस घरी बसवलं. त्यात गोमटेश.

खरं सांगतो, त्या मशीनवर मी जळलो न्हाय. जळलो त्ये माळंवर!

झालं असं, की पंधरा दिवस गोमटेश भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हायला. जेवायला उठवलं तरी "नको" म्हणायचा. शेवटी त्येची आई, तारामती, आली आणि त्येच्या वडलांची जपमाळ त्येच्या हातात ठेवली. "पोरा, दुसरं काय सुचत न्हाय न्हवं? मग णमोकार मंत्र म्हण. एकशेआठ मणी व्हईपर्यंत तरी उठून बस."

बसला. दुसऱ्या दिवशी पण बसला. चौथ्या दिवशी दाढी केली. आठवड्यानं अर्ज लिहायला घेतलं. आणि मी? फळीवर, डबीत! माझ्यासंगं होता तवा पगार होता, तरी कायम घाईत, कपाळाला आठ्या. माळंसंगं हातात काम न्हाय, तरी चेहरा शांत. सांगा, माझा जीव जळंल का न्हाय?

पण पुढं तर कहरच झाला. चातुर्मास लागला, महाराज बस्तीत, म्हंजी जैन मंदिरात, उतरलं. लोकं नारळ ठेवून नेम घ्याय लागली. कुणी बटाटा सोडला, कुणी चहा सोडला. गोमटेशची पाळी आली, आणि त्यो बोलून गेला, "महाराज, ज्या हत्यारावर माझा जीव हाय, त्येला काम मिळंपर्यंत हात लावणार न्हाय."

महाराज म्हणालं, "पोटाचं हत्यार हाय त्ये. विचार केलास?"

"व्हय महाराज."

बाहेर येऊन चप्पल घालताना त्येची बायको श्रद्धा म्हणाली, "आवं, लोकं बटाटं सोडत्यात, तुमी पोटच सोडून आलासा!"

दोन महिनं गेलं. आणि कागल रोडवरच्या एका वर्कशॉपमधनं फोन आला, परीक्षेला या, सोबत आपलं व्हर्नियर आणा.

तारामती म्हणाली, "जा, महाराजांकडनं नेम सोडवून घे."

"आई, सोयीनं सोडायचा तर घेतला कशाला?"

मग काय, श्रद्धानंच मला रुमालात बांधलं आणि ती पण संगं निघाली. तिथं टेबलावर तिनंच मला ठेवलं. नागेंद्रसर परीक्षा घेणार होतं. त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा गोमटेशकडं. "काय वो, माप वहिनी घेणार हायत?"

गोमटेशनं नेमाचं खरं त्ये सांगितलं. सर हसलं. "मग परीक्षा कशी देणार? ह्या दहा पिना हायत, वीस एमएम जाडीच्या. वाईट कुठल्या त्या काढा."

गोमटेशनं मनगटावरची माळ वर सरकवली. पिना सपाट लादीवर एकीला एक चिकटवून आडव्या मांडल्या, डोळं मिटलं, आणि अंगठा त्यांच्यावरनं फिरवला. हळू. परत एकदा. ओठ हलत होतं. मग दोन पिना बाजूला केल्या. "ही जाड. ही बारीक."

सरांनी मला उचललं. जाड पीन माझ्या जबड्यात आली. वीस पॉइंट झिरो आठ. बरोबर!

"भाळ छलो! लई झ्याक!" सर माळंकडं बघून म्हणालं. "रोज मणी ओढून अंगठा तयार झालाय की!"

अरं, मणी ओढून? अकरा वर्षं त्यो अंगठा माझ्या पट्टीवर घासला, तवा त्येला माप कळाय लागलं! आणि वाहवा हिची?

आता दुसरी पीन आली. माझा एक स्क्रू ढिला हाय. केसाएवढा जरी सरकलो असतो तरी आकडा वीस आला असता, आणि माळंचं सगळं कौतुक तिथंच संपलं असतं. समोर श्रद्धा पदराचं टोक मुठीत धरून उभी. गोमटेश माझ्याकडं बघतच नव्हता, डोळं मिटूनच हुता. काम मिळालं की नेम सुटंल, ह्ये तर माझ्या डोक्यातच आलं न्हाय. डोक्यात एकच, ही माळ जिंकली!

पण "खोटं बोलत न्हाय बघ ह्यो" ह्ये त्येचं बोलणं आठवलं, आणि मी जबडा गच्च आवळला.

एकोणीस पॉइंट नऊ चार. खरं त्येच सांगितलं.

"सोमवारपासनं या," सर म्हणालं. गोमटेशनं हात पुढं केला आणि दोन महिन्यांनी मला तळव्यावर घेतलं, शर्टाच्या टोकानं पुसलं. त्येच्या हाताला माळंच्या चंदनाचा वास येत हुता, आणि त्यो माझ्या अंगाला लागला. आता मी आणि ती माळ, दोघं एकाच खिशात ऱ्हातो. अजून जळतो मी, लपवत न्हाय.

मित्रांनो, घरातल्या हत्याराला अधनंमधनं तेलाचं बोट लावत जावा, एवढं मागणं हाय. आणि मनापासनं सांगा, त्या घडीला माझ्या जागी तुमी असता, खरं बोललं की दुसरीची वाहवा, खोटं बोललं की आपल्या माणसाचं काम गेलं, तर तुमी काय केलं असतं?