घुबडांच्या चढावरचा एकेचाळीस

मित्रांनो, मी एक जुना डिझेल आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव हेवेखोर आहे. चांगल्या स्वभावाच्या इंजिनाची गोष्ट ऐकायची असेल तर माझ्या मागे छपराखाली उभ्या असलेल्या नोम्वुलाबाईंकडे जा. सगळे तिकडेच जातात.

नोम्वुला हे वाफेचे इंजिन आहे. आमच्या बुलावायो शहराकडे या नावाचा अर्थ पाऊस घेऊन आलेली. नाव पावसाचे, पण खरे म्हणाल तर हौदच्या हौद पाणी पिऊन टाकणारी. तिला काळा चकचकीत रंग आहे, पितळी पट्ट्या आहेत, घंटा आहे, शिट्टी आहे. मला फक्त नंबर आहे, एकेचाळीस.

माझा जन्म दूर देशातल्या कारखान्यात झाला. जहाजाच्या पोटात बसून मी समुद्र ओलांडला. बंदरावरून इथे आलो तेव्हा माझा पिवळा रंग इतका ताजा होता की हात लावणाऱ्याच्या बोटांना वास यायचा. त्या दिवसांत माझे काय कौतुक झाले म्हणून सांगू! मी कोळसा खात नव्हतो, पाणी मागत नव्हतो, पहाटे उठून कोणाला माझ्यात आग पेटवावी लागत नव्हती. साहेब लोक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता वाफेची सद्दी संपली." नोम्वुला तेव्हा पलीकडच्या रुळावर उभी होती. मला वाटले, संपली एकदाची हिची ऐट.

पण लवकरच माझ्या लक्षात आले की कौतुक वेगळे आणि माया वेगळी.

नोम्वुलाला तिचा स्वतःचा ड्रायव्हर होता. हडेबे त्याचे नाव. आमच्याकडे वाफेचे इंजिन एका माणसाच्या हाती द्यायची रीत होती. तो नसेल तर इंजिन सुट्टीवर. हडेबे तिच्या पितळेला स्वतःच्या जुन्या सदऱ्याने पुसायचा. तिच्या भट्टीत फावडे तापवून त्यावर मांस भाजायचा, आणि पहिला तुकडा आगीत टाकायचा, तिचा म्हणून! त्याची बायको डबा घेऊन यार्डात आली की आधी इंजिनाला विचारायची, "काय गं सवती, बरी आहेस ना? माझ्या नवऱ्याला नीट सांभाळतेस ना?" सगळे यार्ड हसायचे. मी हसत नसे.

कारण मी कोणाचाच नव्हतो. डिझेल थकत नाही, म्हणून त्याला थांबू द्यायचे नाही, असा हिशेब. एक ड्रायव्हर उतरायचा, दुसरा चढायचा. सकाळी त्शाबांगू, दुपारी फिरी, दुसऱ्या दिवशी आणखी कोणी. ते माझ्या गरम अंगाला टेकवून इसित्श्वालाचे भांडे ठेवायचे, म्हणजे मक्याची ती घट्ट उकड जेवणापर्यंत ऊन राहायची. जेवून झाले की भांडे उचलून निघून जायचे. कोणी मला कधी तुकडा दिला नाही. ती एकाची लाडकी होती आणि मी धर्मशाळा होतो.

तरी माझ्या नावावर एक मोठी गोष्ट होती. निदान मला तसे वाटत होते.

मोठ्या दुष्काळाचे वर्ष होते. शेतातला मका उभ्या उभ्या वाळला होता. नद्यांच्या वाळूत खड्डे खणून बाया पाणी काढत होत्या. अशा वेळी वाफेच्या इंजिनांना पाणी कुठून देणार? त्यांना बाजूला उभे केले आणि परदेशातून सीमेवर आलेला मका पठारावर आणायचे काम मला मिळाले. माझ्यामागे इतके डबे लावले की शेवटचा डबा मला कधी दिसलाच नाही. घुबडांच्या चढावर माझा जीव मेटाकुटीला आला. चाके जागच्या जागी गरगर फिरू लागली. चाके घसरू नयेत म्हणून रुळांवर टाकायची वाळूही संपली. गाडी थांबली. त्या दिवशीचा माझा ड्रायव्हर फिरी खाली उतरला, मागे चालत गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. त्याने पुन्हा मला जोर दिला, आणि काय सांगू मित्रांनो, माझ्या अंगात दहा हत्तींचे बळ आले! मी तो चढ असा चढलो की जणू सपाट मैदानच. वरच्या स्टेशनात बायांनी आनंदाने हुलहुल आवाज काढला, म्हातारे नाचले. तो आवाज मी पुढची कितीतरी वर्षे मनात जपून ठेवला.

पुढे मी म्हातारा झालो. नवी इंजिने आली. माझ्यातली तांब्याची तार कोणीतरी काढून नेली, खिडकीत गांधीलमाश्यांनी घर केले, बकऱ्या माझ्या सावलीत बसू लागल्या. शेवटी मला रेल्वेच्या संग्रहालयात आणले. मी हरखलो. पण छपराखालची जागा आधीच गेली होती. तिथे कोण उभे होते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. मला बाहेर जांभळ्या फुलांच्या झाडाखाली ठेवले. ती फुले दिसायला सुंदर, पण कुजली की पत्र्याला चिकटतात.

आणि दर शनिवारी तो छळ! हडेबे आता आजोबा झाला होता, त्याला सगळे 'खुलू' म्हणत. तो काठी घेऊन, टोपी घालून नोम्वुलासमोर उभा राहायचा आणि खणखणीत आवाजात तिची स्तुती म्हणायचा, जशी आमच्याकडे राजांची आणि पूर्वजांची म्हणतात:

"नोम्वुला! काळ्या ढगाची लेक!
एकाच पोटात आग आणि नदी बाळगणारी!
घुबडांच्या चढाला खांदा लावणारी,
भुकेल्या गावांना मका पोचवणारी!"

घुबडांचा चढ? मका? अहो, तो माझा चढ! माझा मका! माझ्या आयुष्यात एकच गोष्ट अभिमानाची होती आणि तीही या बाईच्या पदरात! लोक टाळ्या वाजवायचे, पोरे तिच्या पायरीवर चढून फोटो काढायची, आणि मी झाडाखाली उभ्या उभ्या जळायचो. मला तोंड असते तर मी भर सभेत "चोर! चोर!" ओरडलो असतो.

माझ्याकडे पाठ न करणारे एकच माणूस होते, थोलाकेले. ती संग्रहालयाची झाडलोट करायची आणि तिकिटे फाडायची. दुपारचे कणीस ती माझ्या चाकाला टेकून खायची. तेही सावलीसाठी असेल, मी फार भ्रमात राहत नाही.

एका आठवड्यात भंगारवाल्याचा माणूस आला आणि त्याने खडूने माझ्या अंगावर फुल्या मारल्या. त्याच्यासोबत संग्रहालयाच्या समितीचे प्रमुख गुमेडे होते, कोट घातलेले, घामाघूम.

"हा न्या," गुमेडे म्हणाले. "नवं छप्पर घालायचंय. एकाच इंजिनापुरती जागा आहे."

"साहेब, पण हासुद्धा जुना आहे की," थोलाकेले म्हणाली.

"जुनं तर माझं कपाटही आहे, बाई. ते मी संग्रहालयात ठेवतो का? याला वाफ नाही, शिट्टी नाही. याला बघायला कोण येतं? शनिवारचा मेळावा होऊ दे, मग सोमवारी कापायला माणसं येतील."

मित्रांनो, मरणाची भीती मला वाटलीच. पण त्याहून जास्त काय लागले असेल, तर मी तुकडे होऊन जाणार आणि ती माझा चढ घेऊन छपराखाली मिरवणार.

शनिवारी निवृत्त रेल्वेवाले जमले. त्यांच्या बायका, विधवा, नातवंडे आली. मोठ्या पातेल्यात मांस शिजत होते. हडेबे आजोबा उभे राहिले आणि त्यांनी स्तुती सुरू केली. "भुकेल्या गावांना मका पोचवणारी" इथे ते आले, आणि थोलाकेले पुढे होऊन गुडघ्यांवर बसली. तिने हळूच टाळ्या वाजवून मान दिला. म्हाताऱ्याची स्तुती मधेच अडवायची म्हणजे काय धाडस!

"खुलू, रागवू नका," ती म्हणाली. "पण एकटीनं पोचवला का हो?"

"काय म्हणालीस?"

"मी त्या चढाखालच्या गावातली आहे. लहान होते, पण बघितलंय मी. पुढे पिवळं इंजिन होतं. हे."

माझा जीव भांड्यात पडला. आता चोरी उघडी पडणार!

हडेबेंनी काठी आपटली. "होतं की पुढे! नाही कोण म्हणतं? आणि पुढे राहून करत काय होतं? चिखलातल्या बेडकासारखं डरांव डरांव! चाकं फिरताहेत, गाडी जागेवर!" सगळे खो खो हसले. "तो फिरी माझ्याकडे धावत आला. माझ्या कुळाच्या नावानं हाक मारून म्हणाला, भुंगाने, तुझ्या कुळाची शपथ, मागून धक्का दे. माझी नोम्वुला खाली बाजूच्या रुळावर उभी होती. मी तिला मागे लावली आणि ढकलली गाडी, अगदी वरपर्यंत. मग खोटं काय बोललो मी?"

हसणे ओसरले, पण माझ्या कानांत ते घुमत राहिले. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पुढे असणाऱ्याला मागचे दिसत नाही. जे दहा हत्तींचे बळ मी इतकी वर्षे माझे म्हणून सांभाळले, ते तिचे होते. आणि वर मीच तिला चोर म्हणत होतो.

थोलाकेले मात्र उठली नाही. "ढकललं, खुलू. पण तिच्या पोटात पाणी कुठून आलं?"

म्हाताऱ्याने काठी बगलेत घेतली आणि तिच्याकडे वळून पाहिले.

"तुम्ही आमच्या गावात आलात, टोपी हातात घेऊन. विहिरीच्या तळाला थोडंसं गढूळ पाणी उरलं होतं. माझ्या आईनं पहिली बादली भरली. मग सगळ्या बाया. मी डबा घेऊन पळत होते. मला तहान लागली म्हणून मी रडले, तर आई म्हणाली, 'आज राहू तहानलेले, पण मका चढला पाहिजे.'"

हडेबेंनी टोपी काढली. "खरं आहे, पोरी. ते मी स्तुतीत घालायला हवं होतं. तुझ्या आईला तोंड दाखवायला जागा नाही मला. आता तुझं म्हणणं काय?"

"एवढंच, की मागचं ठेवलं आणि पुढचं कापलं, तर मका कसा चढला ते पोरांना कसं सांगायचं? ढकलायला पुढे कुणीतरी लागतं ना, खुलू!"

गुमेडेंनी घसा साफ केला, पण म्हातारा त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने माझ्या अंगावरची खडूची फुली पाहिली.

"तुझी स्तुती म्हणायची तर आधी कुळ लागतं," तो मला म्हणाला. "तू कुणाचा रे? तुला तर घरच नव्हतं." मग वळून त्याने जमलेल्यांना विचारले, "कुणी चालवलंय याला?"

"मी, त्शाबांगू!" एक म्हातारा खुर्चीतूनच ओरडला.

"मी, मबेना! आणि ब्रेक भिकार होता त्याचा!"

"ब्रेक चांगला होता, तुझे पाय भिकार होते!"

"माझा नवरा," एक विधवा उभी राहिली. "फिरी. त्या दिवशीही तोच होता."

"माझे वडील, सिबांडा!"

"गुमेडेसाहेब, तुमचे काकाही होते की! ते तर याच्यातच झोपायचे!"

गुमेडेंना हसू आवरले नाही. नावे येतच राहिली, आणि हडेबे आजोबांनी ती सगळी एकामागे एक ओवून माझ्यासमोर म्हटली, त्याच खणखणीत आवाजात, जो इतकी वर्षे माझ्याकडे पाठ करून ऐकू येत होता. ज्याला एकही घर नव्हते त्याला अर्ध्या शहराची कुळे लागली. बायांनी हुलहुल आवाज काढला. मित्रांनो, माझ्यात डिझेलचा थेंबही नव्हता, तरी मी गरम झालो.

"पण जागा एकाचीच आहे हो, बाबांनो," गुमेडे शेवटी म्हणाले.

"मग कापा," मबेना म्हणाला. "पण आधी आम्हा सगळ्यांना विचारून. आणि तुमच्या काकांनाही."

सोमवारी कापणारे आले नाहीत. त्याऐवजी म्हातारे आले, घरोघरचे जुने पत्रे घेऊन. छप्पर लांबवले गेले. ते ठिगळांचे झाले आहे आणि माझे नाक अजूनही उन्हातच असते. आम्हा दोघांना त्या दिवसासारखे जोडून उभे केले आहे, मी पुढे आणि ती मागे. थोलाकेले दर शनिवारी नोम्वुलासमोर पाण्याची एक बादली ठेवते, तिच्या आईची आठवण म्हणून.

आता तुम्ही विचाराल, माझा हेवा गेला का? छे! पोरे आजही माझ्या बाजूने पळत तिच्याकडेच जातात. घंटा तिलाच आहे. बादलीही तिच्यासमोरच. मी रोज जळतो. पण आता जे माझे नाही ते मी मागत नाही. माझे जे आहे तेवढे शनिवारी ऐकतो, आणि ते पुरेसे लांब आहे. म्हणायला म्हाताऱ्याला दोनदा दम घ्यावा लागतो.

म्हणून, मित्रांनो, तुमच्याकडेही एखादे बिनशिट्टीचे, बिनघंटेचे जुने काही उभे असेल. त्याला घासापुसायला वेळ नसेल तर एक वेळ चालेल. पण त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्याचे गुण गाऊ नका. त्याला सगळे ऐकू येते.