फुटक्या काचेतला इराणी महाल

मी आभासी जग दाखवणारा एक जुना चष्मा आहे. मित्रांनो, जुना म्हटले म्हणून मला कमी समजू नका. मला डोळ्यांवर चढवले, की जऊळका गावच्या शाळेत बसल्या जागी माणूस इराणात पोहोचतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा पर्सेपोलिसचा महाल पुढ्यात उभा राहतो. खरा महाल केव्हाच जळाला, आज तिथे मोजकेच खांब उभे आहेत. पण जाणकारांनी उरलेले दगड अभ्यासून तो संगणकावर पुन्हा बांधला, रंगवला आणि माझ्या पोटात ठेवला.

माझी उमेदीची वर्षे शहरातल्या एका कॉलेजात गेली. माझा पट्टा सैल झाला तेव्हा इथे शिकवणाऱ्या उज्ज्वला मॅडमनी मला या शाळेत आणले. इथे माझा थाट काही औरच होता. मुले रांग लावत. बैलाच्या मुंडक्यांचे उंच खांब पाहून पवनची तर बोबडीच वळली.

पालकसभेला तनुजाची आई आवडाबाई आली. भाजीची टोपली दाराशी ठेवून तिने मला डोळ्यांवर घेतले. महालाचे दार दिसताच तिने चपला काढल्या, माझ्यावरूनच पदर घेतला आणि उंबरठ्याच्या पाया पडायला खाली वाकली. मी सटकलो तो थेट फरशीवर. डावी काच तडकली.

शाळा समितीचे अध्यक्ष पंजाबराव म्हणाले, "ठेवा त्याले कपाटात. आता कोनाले देऊ नका."

मी धूळ खात पडलो. माझ्यासारख्या कामाच्या गड्याला डांबून ठेवले, याचा मला भारी राग आला. आवडाबाईही शरमेने शाळेकडे फिरकेनाशी झाली.

शेवटी तनुजानेच पंजाबरावांना गाठले. "आबा, तो महाल सारा पडला, तरी लोकं त्याले पाहाले दुरून जातेत. मंग एक काच गेली तं चष्मा कोंडून काहून ठेवता?"

पंजाबरावांनी मला बाहेर काढले, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसले आणि उजव्या काचेतून बराच वेळ पाहत राहिले. "दिसते बरोबर," ते म्हणाले. "तुह्या मायले बलाव."

आवडाबाई आली, पण मला हात लावेना. "मी पुन्हा वाकीन, बाप्पा. देवळासारखं दार हाय ते."

"वाक ना," तनुजा तिच्या मागे उभी राहिली. "मी मांगून पट्टा धरून हाओ."

मला डोळ्यांवर चढवून आवडाबाई मनासारखी वाकली. मी तसूभरही हललो नाही. मित्रांनो, आम्हा जुन्यांना जपायचे असेल तर कुलपात घालू नका. असे मागून धरा आणि खुशाल वापरा.